रानांतील उजेड आणि दुधांतील पिंवळें द्रव्य

पुणें जिल्ह्यांतील खेड व आंबेगांव हे तालुके जेथें सह्याद्रीच्या माथ्याला टेकतात, त्या बाजूस भीमाशंकरचें रान आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एकाचें स्थान, भीमा नदीचा उगम आणि शेकरूचें घर म्हणून तें महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. १९८५ सालीं या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण या रानाची आणखी एक गोष्ट अशी आहे, कीं जी दिवसा जाणाऱ्या यात्रेकरूच्या दृष्टीस कधींच पडत नाहीं. पावसाळा चांगला मुरला, झाडांखालीं पडलेल्या काटक्या व ओंडके भिजून कुजूं लागले, म्हणजे अंधाऱ्या रात्रीं त्या कुजक्या लांकडावर मंद हिरवट उजेड दिसूं लागतो. कंदील किंवा विजेरी विझवून पंधरा-वीस मिनिटें अंधारांत स्वस्थ बसल्याशिवाय हा उजेड डोळ्यांना नीट गंवसत नाहीं. एकदां तो दिसूं लागला, म्हणजे मात्र पायांखालच्या पाचोळ्यांतहि त्याचे ठिपके व रेघा उमटलेल्या दिसतात.

हा उजेड भुताखेतांचा नव्हे, तसा तो काजव्यांचाहि नव्हे. काजवे पावसाच्या तोंडाशीं, ज्येष्ठाच्या सुमारास झाडांवर लुकलुकतात. हा उजेड लुकलुकत नाहीं, तो रात्रभर सारखा तेवत राहतो. तो आहे लांकूड कुजविणाऱ्या बुरशीचा. आपल्याकडे पावसाळ्यांत ज्या अळंब्या उगवतात त्यांच्याच गोतांतील, मायसिना नांवाच्या वर्गांतली ही बुरशी होय. तिच्या तंतूंत एक रासायनिक क्रिया चाललेली असते आणि त्या क्रियेंतून उष्णतेऐवजीं प्रकाश बाहेर पडतो. म्हणून हा उजेड अगदीं थंड असतो. त्यानें पान सुकत नाहीं, कीं काटकी ऊन होत नाहीं.

या क्रियेच्या मुळाशीं एक लहानसें पिंवळें द्रव्य आहे. तें प्रथिनापासून वेगळें काढतां येतें व पुन्हा त्यांत बसवितां येतें. हें काढणें आणि बसविणें शास्त्रज्ञांनीं कसें साधलें, आणि त्याचा उपयोग घरोघरच्या मुलांमाणसांच्या प्रकृतीची परीक्षा करण्यास कसा झाला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सजीवांच्या प्रकाशासंबंधीं पहिली महत्त्वाची उकल फ्रान्समध्यें राफाएल द्युबोआ यानें १८८५ च्या सुमारास केली. प्रकाश देण्यास दोन वस्तु लागतात, असें त्यानें दाखविलें. एक जळणारें द्रव्य, त्याला ल्युसिफेरिन म्हणतात. दुसरें तें जळण घडवून आणणारें विकर, त्याला ल्युसिफेरेज म्हणतात. विकर म्हणजे एन्झाइम. तें स्वतः न खपतां शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणतें. परंतु सर्व सजीवांचीं हीं द्रव्यें एकसारखीं नसतात. काजव्याच्या प्रकाशाला एटीपी हें शक्ति पुरविणारें द्रव्य लागतें, हें मॅकएल्रॉय यानें १९४७ सालीं सिद्ध केलें. समुद्रांतील प्रकाशमान जंतूंना फ्लेव्हिन लागतें. बुरशीची तऱ्हा या दोहोंहून निराळी आहे.

बुरशीच्या प्रकाशाला दोन विकरें एकामागून एक लागतात, हें एअर्थ व मॅकएल्रॉय यांनीं १९५९ सालीं दाखविलें होतें. तथापि तीं कोणतीं, हें कळावयास पुढें जवळजवळ साठ वर्षें गेलीं. निरनिराळ्या कुळांतील प्रकाशमान बुरशींचे अर्क एकमेकांत मिसळले तरीहि प्रकाश निघतो, असें २०१२ सालीं आढळलें. त्यावरून या सर्वांची युक्ति एकच असली पाहिजे, असें अनुमान निघालें. २०१५ सालीं बुरशीच्या ल्युसिफेरिनची ओळख पटली, आणि २०१८ सालीं तें तयार करणाऱ्या विकरांचीं जनुकें हातीं आलीं. आतां क्रम पुढीलप्रमाणें सांगतां येतो. वनस्पतींत विपुल असणाऱ्या कॅफेइक आम्लापासून बुरशी हिस्पिडिन नांवाचा पदार्थ करते. एक विकर या हिस्पिडिनला प्राणवायूचा एक अणु जोडून देतें. त्यामुळें त्याचें ल्युसिफेरिन बनतें. मग ल्युसिफेरेज त्याचा पुन्हा प्राणवायूशीं संयोग घडवितें आणि हिरवा प्रकाश फांकतो. उरलेला पदार्थ फुकट जात नाहीं, त्यापासून बुरशी पुन्हा कॅफेइक आम्ल करते.

यांतील जें विकर हिस्पिडिनला प्राणवायूचा अणु जोडतें, त्याच्या पोटांत फ्लेव्हिन आहे. मायसिना वर्गांतीलच एका बुरशीचें हें विकर नेदर्लंड्समधील शास्त्रज्ञांनीं शुद्ध स्वरूपांत मिळवून २०२० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. एनएडीपीएच हें द्रव्य फ्लेव्हिनला दोन विद्युत्कण देतें. ते घेतलेलें फ्लेव्हिन प्राणवायूस धरतें. त्यांतील एक अणु हिस्पिडिनला मिळतो व दुसऱ्याचें पाणी होतें. विशेष मौजेची गोष्ट अशी कीं, हिस्पिडिन जवळ आलें म्हणजे फ्लेव्हिन हे विद्युत्कण जवळजवळ शंभरपट वेगानें घेतें, हिस्पिडिन नसेल तर अगदीं सावकाश घेतें. गिऱ्हाईक दारीं आल्याखेरीज दुकानदारानें माल फोडूं नये, तसाच हा व्यवहार आहे. या विकरांतून फ्लेव्हिन काढून घेतलें, तर बुरशीजवळ आधीं तयार असलेलें ल्युसिफेरिन संपेपर्यंत उजेड राहील, कारण ल्युसिफेरेजला फ्लेव्हिन लागत नाहीं. मात्र नवें ल्युसिफेरिन होणार नाहीं, आणि कांहीं वेळानें भीमाशंकरची ती काटकी इतर काटक्यांसारखीच काळोखांत पडेल.

हें फ्लेव्हिन म्हणजे कोणी अपरिचित वस्तु नव्हे. श्रीखंडासाठीं दहीं फडक्यांत बांधून टांगलें, म्हणजे खालीं जें पाणी निथळतें, त्याला एक प्रकारची हिरवट-पिंवळी झांक असते. ती झांक याच द्रव्याची. दुधाच्या निवळींतील हा पिंवळा रंग ब्लाइथ या इंग्रज रसायनज्ञानें १८७९ सालीं वेगळा काढला होता. परंतु तो जीवनास आवश्यक आहे, हें त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हतें. पुढें १९३३ सालीं कून व त्याचे सहकारी यांनीं तो शुद्ध केला, आणि १९३५ सालीं कून व कारेर यांनीं तो प्रयोगशाळेंत तयार केला. यासच रिबोफ्लेव्हिन किंवा जीवनसत्त्व बी-२ म्हणतात. 'फ्लेव्हिन' या शब्दाच्या मुळाशीं पिंवळा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिंवळी होते, त्याचेंहि कारण हेंच. शरीर या जीवनसत्त्वाला फॉस्फेटची जोड देऊन एफएमएन करतें. त्यालाच आणखी एक भाग जोडून एफएडी करतें. विकरांच्या आंत जाऊन बसतात तीं हीं दोन रूपें.

फ्लेव्हिनचा धंदा देवघेवीचा आहे. अन्न शरीरांत जळतें याचा अर्थ असा कीं, त्यांतील विद्युत्कण एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होत शेवटीं प्राणवायूला जाऊन मिळतात. फ्लेव्हिन मध्यस्थासारखें एकाकडून घेतें व दुसऱ्यास देतें. घेतलें म्हणजे त्याचा पिंवळा रंग उडतो, देऊन टाकलें म्हणजे रंग परत येतो. प्रयोग करणाऱ्याला त्यामुळें एक मोठीच सोय झाली आहे. व्यवहार चालला आहे किंवा नाहीं, हें त्याला नुसत्या रंगावरून ओळखतां येतें.

आतां मुख्य प्रयोगाकडे वळावयाचें. १९३२ सालीं बर्लिनमध्यें ओटो वॉरबुर्ग व ख्रिस्तियान यांनीं दारूच्या किण्वापासून एक पिंवळें विकर मिळविलें. त्या काळीं विकरें म्हणजे नेमकें काय, याविषयीं पंडितांत मोठा वाद होता. प्रथिन हेंच विकर असतें, असें सम्नर १९२६ पासून सांगत होता. उलट प्रथिन म्हणजे केवळ गोणपाट असून खरें कार्य करणारा पदार्थ त्यांत गुंडाळलेला असतो, असें विल्स्टेटरसारख्या नामांकित रसायनज्ञाचें मत होतें. स्वीडनहून वॉरबुर्गच्या प्रयोगशाळेंत आलेल्या हुगो थेओरेल यानें १९३४-३५ सालीं या वादावर प्रयोगानेंच उत्तर दिलें.

थेओरेलनें तें पिंवळें विकर प्रथम चांगलें शुद्ध केलें. मग तें एका पातळ पडद्याच्या पिशवींत भरून थंड, सौम्य हैड्रोक्लोरिक आम्लांत सोडलें. त्या पडद्याचीं छिद्रें इतकीं बारीक असतात कीं, लहान रेणु त्यांतून बाहेर जातात, पण प्रथिनाचे अवजड रेणु आंतच राहतात. आम्लानें प्रथिनाची पकड सैल झाली आणि पिंवळें द्रव्य हळूहळू पिशवीबाहेर निघून गेलें. आंत राहिलें तें बिनरंगी प्रथिन. आम्ल धुऊन काढल्यावर त्या प्रथिनाची परीक्षा केली, तों त्यांत विकराचें कांहींच सामर्थ्य नव्हतें. बाहेर गेलेल्या पिंवळ्या द्रव्याची परीक्षा केली, तों त्यालाहि एकट्यानें तें काम होईना. मग दोन्हीं एकत्र केलीं. तेव्हां रंग परत आला आणि विकर पूर्ववत् काम करूं लागलें. म्हणजे गोणपाट आणि माल ही कल्पनाच चुकीची ठरली. प्रथिन व पिंवळें द्रव्य हीं दोन्हीं मिळूनच विकर होतें. तें द्रव्य नुसतें जीवनसत्त्व नसून फॉस्फेटसहित, म्हणजे एफएमएन आहे, हेंहि थेओरेलनें ओळखलें. जीवनसत्त्व शरीरांत कशासाठीं लागतें, या प्रश्नाला मिळालेल्या पहिल्या स्पष्ट उत्तरांपैकीं हें एक आहे. विकरांवरील कार्याबद्दल थेओरेलला १९५५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

१९३८ सालीं वॉरबुर्ग व ख्रिस्तियान यांनीं मूत्रपिंडांतील एका विकराच्या बाबतींत असेंच केलें. त्यांची रीत थोडी निराळी होती. त्यांनीं आम्ल व अमोनियम सल्फेट यांच्या साहाय्यानें प्रथिन सांक्याच्या रूपानें खालीं बसविलें व फ्लेव्हिन वरच्या पाण्यांत राहूं दिलें. या विकरांतील सहकारी द्रव्य एफएमएन नसून एफएडी आहे, असा शोध त्यांना लागला. भीमाशंकरच्या बुरशींतील विकर ज्या वर्गाचें आहे, त्यांतहि हेंच एफएडी असतें.

हें सारें सांगावयास सोपें असलें, तरी हातांनीं करावयास अवघड आहे. प्रथिनाचा रेणु म्हणजे विशिष्ट घड्या घालून ठेवलेला लांब धागा होय. फ्लेव्हिन त्या घड्यांच्या आंत बसलेलें असतें. पकड सैल करण्यासाठीं आम्ल कमी पडलें तर फ्लेव्हिन निघत नाहीं. जास्त झालें, किंवा उष्णता लागली, तर घड्याच विस्कटतात. अंडें उकडल्यावर तें जसें पुन्हा कच्चें होत नाहीं, तसें मग त्या प्रथिनाचें होतें. म्हणून फ्लेव्हिन निघालें एवढ्यावर चांगला प्रयोगकर्ता संतुष्ट होत नाहीं. तो तीन गोष्टी पाहतो. पहिली, फ्लेव्हिन निळा प्रकाश शोषून घेतें तें शोषण नाहींसें झालें कीं नाहीं. दुसरी, रिकाम्या प्रथिनाचें काम जवळजवळ बंद पडलें कीं नाहीं. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फ्लेव्हिन परत घातल्यावर मूळचें सामर्थ्य किती आलें. समजा, मूळचें काम शंभर होतें आणि परत आलेलें साठच भरलें, तर उरलेलें चाळीस भाग प्रथिन रिकामें नव्हे, तर नासलेलें आहे, असें समजावें लागतें.

येथें एक शंका कोणाच्याहि मनांत येईल. विद्युत्कण घेतल्यावरहि फ्लेव्हिनचा रंग उडतो, असें वर सांगितलें. मग बिनरंगी द्रावण रिकामें आहे कीं भरलेलें, हें कसें ओळखावें? उत्तर सोपें आहे. हवा लागूं द्यावी. फ्लेव्हिन आंत असेल तर प्राणवायूला विद्युत्कण देऊन तें पुन्हा पिंवळें होईल. नसेल, तर कितीहि हवा लागली तरी रंग येणार नाहीं. आणखी एक खूण आहे. मोकळें एफएमएन निळ्या किंवा अतिनील किरणांत हिरवट-पिंवळें चमकतें. जुन्या पिंवळ्या विकराच्या कुशींत तें बसलें, म्हणजे ही चमक मावळते. त्यामुळें थोडथोडें फ्लेव्हिन घालीत गेलें असतां किती बसलें व किती मोकळें राहिलें, याचा हिशेब मांडतां येतो.

पुढील काळांत अधिक सौम्य रीति निघाल्या. १९६६ सालीं मॅसी व कुर्ती यांनीं पोटॅशियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणाचा उपयोग केला. १९८८ सालीं फान बेर्केल या डच शास्त्रज्ञानें विकर एका नळींतील मण्यांना चिकटवून ठेवण्याची युक्ति काढली. फ्लेव्हिन धुऊन जातें, प्रथिन मण्यांना धरून राहतें, व मागाहून तें सुखरूप उतरवून घेतां येतें. बुरशीच्या विकरावरील २०२० सालच्या त्या संशोधनांतहि या शास्त्रज्ञाचा सहभाग होता. मात्र सर्वच फ्लेव्हिनें अशीं निघत नाहींत. आपल्या पेशींतील सक्सिनेट डिहायड्रोजिनेज या विकरांत फ्लेव्हिन प्रथिनाशीं रासायनिक बंधानें पक्कें जोडलेलें असतें. तें सोडवावयाचें म्हणजे विकरच मोडावें लागतें.

अशा विकरांनीं घेतलेले विद्युत्कण पुढें सायटोक्रोम नांवाच्या तांबूस प्रथिनांकडे जातात. त्या मालिकेंतील सायटोक्रोम-सी हें वनस्पतींच्या पेशींतहि असतें, हें केंब्रिज येथें दाखवून देणारी संशोधिका महाराष्ट्राची होती, ही गोष्ट श्रोत्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. कमलाबाई सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, यांना या कार्याबद्दल १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. पुढें मुंबईच्या विज्ञान संस्थेंत त्यांनीं नीरा व इतर अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला.

फ्लेव्हिन काढून पुन्हा घालण्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. एक उपयोग मधुमेहाच्या संबंधांत आहे. रक्तांतील साखर घरच्या घरीं मोजण्याच्या पुष्कळ पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज हें विकर वापरतात, आणि तें बहुधा काळ्या बुरशीपासून मिळवितात. त्यांतील एफएडी खोल आंत दडलेलें असल्यामुळें विद्युत्कण तारेपर्यंत पोंचविणें अवघड जातें. म्हणून जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील सहकाऱ्यांसह २००३ सालीं एक कौशल्याचा प्रयोग केला. त्यांनीं विकरांतील एफएडी काढून टाकलें, दुसरें एफएडी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणाला जोडलें, आणि रिकामें प्रथिन त्याच्याभोंवतीं बसूं दिलें. प्राणवायूबरोबर जें विकर सेकंदाला सुमारें ७०० वेळां व्यवहार करी, तें आतां सोन्याच्या वाटेनें सुमारें ५००० वेळां करूं लागलें.

दुसरा उपयोग याहूनहि जवळचा आहे. आहारांत रिबोफ्लेव्हिन कमी पडलें, तर ओठांचे कोपरे फाटतात, जीभ लाल होऊन चुरचुरते, डोळ्यांची आग होते. परंतु हीं चिन्हें उशीरां दिसतात, आणि दुसऱ्या कारणांनींहि होतात. मग उणीव आधींच कशी ओळखावी? तांबड्या रक्तपेशींत ग्लुटाथिओन रिडक्टेज नांवाचें विकर असतें. त्याला एफएडी लागतें. जीवनसत्त्व अपुरें असेल तर त्या विकराचे कांहीं रेणु रिकामेच राहतात. अर्थात् थेओरेलनें आम्लाच्या साहाय्यानें जें मुद्दाम केलें, तें येथें अपुऱ्या अन्नानें आपोआप घडतें. परीक्षा करावयाची ती अशी. थोडें रक्त घेऊन पेशी फोडाव्यात आणि विकराचें काम मोजावें. मग त्याच रक्तांत बाहेरून एफएडी घालून पुन्हा मोजावें. दोन्हीं माप सारखीं आलीं तर सारीं विकरें भरलेलीं होतीं. पहिलें २० व दुसरें ३० आलें, तर गुणोत्तर १·५ झालें; म्हणजे एकतृतीयांश विकर रिकामें होतें. हें गुणोत्तर १·४ च्या वर गेलें, म्हणजे बहुधा उणीव धरतात.

भारतांत या परीक्षेचा पाया घालणाऱ्यांत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेंतील डॉ. महताब बामजी यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांचा यासंबंधींचा निबंध १९६९ सालीं प्रसिद्ध झाला. या परीक्षेलाहि मर्यादा आहेत. कांहीं लोकांच्या रक्तपेशींत जी-६-पीडी हें विकर जन्मतःच कमी असतें. त्यांचें ग्लुटाथिओन रिडक्टेज एफएडीला अधिक घट्ट धरून ठेवतें, त्यामुळें उणीव असूनहि ती झांकली जाते. वैद्यानें म्हणून एका आंकड्यावर विसंबून न राहतां आहाराचीहि चौकशी करावी, हें योग्य.

गृहिणींच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगणें येथें अप्रस्तुत होणार नाहीं. रिबोफ्लेव्हिन उष्णतेनें फारसें नासत नाहीं, म्हणून दूध तापविल्यानें त्याची विशेष हानि होत नाहीं. परंतु प्रकाशानें तें नासतें. पारदर्शक बाटलींतील दूध उन्हांत राहिलें, तर कांहीं तासांतच त्याचा बराच भाग निकामी होतो. तें पाण्यांत विरघळतें, म्हणून भाजी उकडून पाणी ओतून देणें किंवा चक्क्याचें पाणी मोरींत सोडणें, हा त्याचा अपव्यय आहे. तें पाणी आमटींत किंवा कणकेंत खपवावें. पाव लिटर दुधांत तें अर्ध्या मिलिग्रॅमच्या आंतबाहेर मिळतें, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज दीड-दोन मिलिग्रॅमची असते. ज्या घरीं दूध बेताचें असतें, तेथें ताक, अंडीं, पालेभाज्या, मोड आणलेलीं कडधान्यें आणि नाचणी यांनीं ती भर काढावी. सह्याद्रीच्या माथ्यावरील वस्त्यांत नाचणीची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पांढरा भात हीच प्रतिष्ठा, असें समजून ती सोडून देणें शहाणपणाचें नाहीं.

या सर्व प्रयोगांतून एक भेद स्पष्ट होतो. कांहीं विकरें नासलेलीं असतात व कांहीं नुसतीं रिकामीं असतात. बाहेरून पाहतां दोन्हींचें काम सारखेंच बंद पडलेलें दिसतें, म्हणून नुसत्या पाहण्यानें त्यांचा निर्णय होत नाहीं. पिंवळें द्रव्य परत घालून पाहिलें म्हणजेच तो होतो. ज्या मुलाच्या रक्तांतील विकरें एफएडी घालतांच जागीं होतात, त्या मुलाच्या शरीरांत कांहीं मोडलेलें नाहीं. त्याला रोज पेलाभर दूध किंवा ताक, मूठभर पालेभाजी आणि एखादी नाचणीची भाकरी मिळण्याची तेवढी व्यवस्था झाली पाहिजे.